पहिल्या वेच्याची उशी

विमलताई कबरस्तानाच्या फाटकाशी पोचली तेव्हा धम्मदीप अंगातला पांढरा प्लास्टिकचा सूट काढून पिवळ्या पिशवीत कोंबत होता. म्हणजे झालं होतं.

“मावशी, तिथीच थांब. आत नको येऊ,” तो लांबूनच म्हणाला.

“झालं?”

“कव्हाचंच. अर्धा घंटा झाला असन.”

“मंग थोडं थांबाचं होतं ना बाप्पा. मी शिवूनच राह्यली होती.”

“थांबता येत नाई मावशी. सेंटरातून फोन आला का दोन घंट्यात मोकळं करा लागते. आन आज एकट्या रुखमाबाईच नव्हत्या. त्यायच्या आधी दोघं जन तिकडे मोक्षधामात होते.”

धम्मदीप नगरपंचायतीचा माणूस. एरवी नाल्या उपसायचा, पाण्याच्या टँकरवर जायचा. कोरोनाच्या दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलात घाटंजीत घरचीच माणसं घरच्या मढ्याला हात लावायला कचरू लागली, तेव्हा हे काम त्याच्या आणि आणखी तिघांच्या गळ्यात पडलं. स्वतः बौद्ध, पण लाकडं कशी रचायची, कोणाचं तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं, ख्रिस्ती माणसाचे पाय पूर्वेकडे का करायचे, हे सगळं त्याला महिन्याभरात पाठ झालं होतं. गावातल्या कुठल्याही भटजी-मौलवी-पाळकापेक्षा त्या दिवसांत त्याचंच शास्त्र पक्कं होतं.

विमलताईनं पिशवीतून उशी काढली. दीड वीत लांब, वीतभर रुंद, मांजरपाटाची. कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं ‘रुखमा’ एवढंच लिहिलेलं. रुखमाबाई मिशनच्या शाळेत मास्तरीण होत्या. कंपाउंडातल्या तीन पिढ्यांना त्यांनी बाराखडी घोटवली आणि त्या गेल्या तेव्हा फाटकाच्या आत चौघं होते, चौघांनाही त्यांचं नाव कागदावरून वाचावं लागलं.

“वरून ठेवू का?” तिनं विचारलं.

“वरून ठेवली तं बकऱ्या ओढून नेतीन.” धम्मदीपनं हातावर सॅनिटायझर ओतलं आणि चोळत बसला. मग म्हणाला, “मावशी, एक सांगू? बॅग उघडता येत नाई, नियम हाय. पन खड्ड्यात बॅगेच्या खालून, डोक्याकडे काय ठेवलं थे कोन पाहाले येते? मी ठेवून देतो ना. फक्त हाताशी असाले पायजे. मानूस निघ्याच्या आधी.”

“आधी कशी असन? आधी शिवत नाई आमी.”

“मंग पाय बाप्पा तूच,” तो म्हणाला. त्याला पुन्हा सेंटरला जायचं होतं.

घाटंजीच्या मिशन कंपाउंडातलं चर्च म्हणजे एक मोठी खोलीच. काळा दगड, वर कौलं, साहेबाच्या काळातली एक घंटा. सत्तर साली सगळ्या मंडळ्या मिळून एक झाल्या, पाटीवरचं नाव बदललं, तरी जुने लोक अजून ‘आपण अँग्लिकन’ म्हणतात, आणि तेही असं की जणू उमरखेडला त्यांची देशमुखी होती. घरं जेमतेम अठ्ठावीस. अर्धी कंपाउंडात, अर्धी आसपासच्या खेड्यांत, दोन-चार एकर कोरडवाहू कापसावर तगलेली. पाळकसाहेब यवतमाळला राहत, चार चर्चं सांभाळत, घाटंजीच्या वाट्याला महिन्याचा पहिला रविवार यायचा.

या मंडळीची एक पद्धत होती. दिवाळीच्या आसपास उपकारस्तुतीचा रविवार असतो. त्या दिवशी तूर, ज्वारी, भोपळे काय काय येतं, पण प्रत्येक घर पहिल्या वेच्यातला मूठभर कापूस आणून वेदीपुढच्या टोपलीत टाकतंच. ती टोपली विमलताईच्या ताब्यात. वर्षभरात मंडळीतलं कोणी वारलं की त्या कापसाची लहानशी उशी करायची आणि पेटीत डोक्याखाली द्यायची. प्रत्येक घरच्या मुठीतली एकेक चिमूट, सरकी काढून, हातानं पिंजून. माणूस मातीत जाताना सगळी मंडळी त्याच्या उशाशी असावी, एवढाच त्यातला अर्थ. पुस्तकात हे कुठे नाही. एकदा बिशपसाहेबांनी विचारलं होतं की ही प्रथा कोणी पाडली, तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले, आणि साहेब शहाणे, त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

विमलताईला हे काम सासूकडून आलं. सासूनं दोनच गोष्टी बजावल्या होत्या. नावापुढे बाई, ताई, जी काही लावायचं नाही, देवापुढे सगळे नुसत्या नावाचे. आणि श्वास थांबल्याशिवाय सुई उचलायची नाही. जित्या माणसाची उशी शिवली तर तो आपल्या हातानं गेला असं समजायचं. एकतीस वर्षं विमलताईनं दोन्ही गोष्टी पाळल्या. मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात ती आया होती, वसतिगृह बंद पडलं तशी घरी बसली. नवरा जाऊन अठरा वर्षं झाली, मूलबाळ नाही. चर्चच्या कुठल्याही फोटोत तुम्ही तिला शोधलं तर ती कडेला अर्धी सापडेल. पण मंडळीतला एकही माणूस तिच्या उशीशिवाय गेला नव्हता. रुखमाबाई पहिल्या.

तो कापूसही कसा गोळा झाला होता ते सांगायला हवं. पहिल्या लॉकडाऊनपासून चर्चला कुलूप होतं. पाळकसाहेब रविवारी फोनवर उपदेश बोलून पाठवत. ज्यांच्याकडे तसला फोन होता ते ऐकत, खेड्यांतले पोरांच्या फोनवर ऐकत, आणि बरेच जण नुसते आपापल्या दारात बसून रविवार घालवत. दिवाळी आली तेव्हा चर्चचे सेक्रेटरी नानाजी म्हणाले, “यंदा रावू दे टोपली. अळीनं खाल्लेलं काय आनतीन लोक?” नानाजी बावीस वर्षं सेक्रेटरी. मांजरपाट किती लागलं, दोरा किती उरला, यावरून त्यांनी विमलताईला दर वर्षी बोलून घेतलं होतं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सप्टेंबरातल्या पावसानं बोंडं झाडावरच सडली आणि उरलेल्यांत गुलाबी अळी शिरली होती. विमलताईनं त्यांना ‘हाव’ म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन निघाली.

घरोघर गेली. दारापासून दहा हात लांब टोपली ठेवायची, मागे सरायचं, घरच्यानं पुढे येऊन मूठ टाकायची आणि मागे सरायचं. लोकांना कापूस द्यायची लाज वाटत होती. पिवळा पडलेला, काळे ठिपके असलेला कापूस, त्याला इकडे कवडी म्हणतात.

“हे कवडी द्याची का देवाले?” एका घरी बाईनं विचारलं.

“दे. अळी तं त्यानंच धाडली ना,” विमलताई म्हणाली.

मग ती बाई हसली आणि तिथेच अर्धा तास बोलत उभी राहिली. असं प्रत्येक दारात झालं. महिनोन्महिने कोणी कोणाला पाहिलं नव्हतं. या घरची खबर त्या घरी विमलताईनंच नेली. कोणाची सून बाळंत झाली, कोण दम्यानं बेजार आहे, कोणाच्या घरी दोन दिवस चूल नाही, हे पाळकसाहेबांना तिच्याच फोनवरून कळलं आणि त्यांनी यवतमाळहून तांदूळ-डाळ पाठवली. तांड्यावरच्या मानीबाईनंही दर वर्षीसारखी मूठ टाकली. ती बंजारा, चर्चशी तिचा संबंध एवढाच की तिची तिन्ही लेकरं मिशनच्या नर्सच्या हातावर जन्मली होती. सहा दिवस पायपीट करून विमलताई परतली तेव्हा टोपली निम्मीही भरली नव्हती, आणि तिची टाच फुटली होती.

रुखमाबाईंची उशी घेऊन ती कबरस्तानातून घरी आली. ती उशी ट्रंकेत ठेवताना तिला रडू आलं. ती काही रडणारी बाई नव्हती, पण त्या दिवशी ट्रंकेवर डोकं टेकून रडली.

मग तिनं हिशेब मांडला तो माणसांचा. मंडळीतले चार जण सेंटरमध्ये होते. मिशनच्या त्याच बंद वसतिगृहात ते सेंटर उघडलं होतं. चौघांतले नानाजी सगळ्यात वाईट, दोन दिवसांपासून ऑक्सिजनवर, वय चौऱ्याहत्तर, साखरेचा त्रास. धम्मदीप आत-बाहेर करायचा, तो म्हणाला होता, “नानाजीचं काई खरं नाई मावशी.” उशी शिवायला सरकी काढण्यापासून तीन तास लागतात. आणि ते लोक दोन तासांत माणूस मातीत घालतात. एक तास कुठून आणायचा?

दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर तिनं पदर खोचला, सासूच्या फोटोकडे पाठ केली आणि सुई उचलली. टाके घालताना ती बोलत होती, नानाजींशीच. “तुमीच म्हनसान, विमलनं येळेवर केलं नाई. मंग बोलसान पुना. म्हनून शिवून राह्यली.” कोपऱ्यात तिनं ‘नाना’ लिहिलं आणि दोरा दातानं तोडला.

नेमकी त्याच वेळी प्रियंका, नानाजींची सून, सासऱ्यासाठी पेजेचा डबा घेऊन आली. विमलताईनं तो धम्मदीपच्या हाती आत पाठवायचा होता. ती दारातच थांबली. विमलताईच्या मांडीवर उशी होती आणि नाव वरच्या बाजूला.

“हे काय होय ताई?”

विमलताईनं उशी पदराखाली घेतली. तेही चुकलंच.

“बाबा जित्ते हायत अजून,” प्रियंका म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. “सकाळीच दोन घोट पेज घेतली त्यायनं. आन तुमी इथी बसून त्यायचं नाव टाकून राह्यल्या. तुमाले काहून एवढी घाई झाली?”

“प्रियंका, ऐक ना माय. रुखमाबाईले भेटली नाई म्हनून...”

“मले नोका सांगू.”

ती डबा तसाच घेऊन गेली. संध्याकाळपर्यंत मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं. तो ग्रुप रविवारच्या उपदेशासाठी होता, पण उपदेशाखाली कधी एवढे निरोप आले नव्हते. एकानं लिहिलं की विमलताईकडून टोपली काढून घ्यावी. एकानं लिहिलं, घरोघर फिरून रोग तिनंच वाटला असेल. ज्या बाईनं दारात अर्धा तास गप्पा मारल्या होत्या, तिनंही खाली हात जोडलेलं चित्र टाकलं.

पाळकसाहेबांचा फोन आला. त्यांचा घसा बसला होता, दिवसाला दोन-दोन दफनांच्या प्रार्थना ते फोनवरून वाचत होते.

“विमलताई, लोक घाबरलेले आहेत. थोडं सांभाळून घ्या.”

“साहेब, रुखमाबाईले उशी नाई भेटली.”

“मलाही त्या दिवशी पोचता आलं नाही,” ते म्हणाले. “मी तुम्हाला काय सांगणार? तुम्हाला बरोबर वाटेल ते करा.” आणि त्यांनी फोन ठेवला. विमलताईला कळेना की ही परवानगी होती की थकवा. बहुधा थकवाच होता.

आणि उशी शिवल्यापासून नवव्या दिवशी नानाजी घरी आले.

कोणालाच ते अपेक्षित नव्हतं. डॉक्टरलाही नसावं, कारण सोडताना त्यानं नानाजींचा हात हातात घेतला म्हणे. अंगानं निम्मे झाले होते, बोलताना दम लागायचा, पण आले. आणि घरी आल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी शेजारच्याकडून निरोप धाडला, विमलले म्हना माही उशी घेऊन ये.

विमलताई उशी घेऊन गेली. नानाजी ओसरीत खुर्चीवर बसले होते. प्रियंका दारात उभी, तोंड दुसरीकडे.

“आन इकडे.”

तिनं उशी स्टुलावर ठेवली आणि मागे सरली. नानाजींनी ती उचलली, उलटी केली, शिवण पाहिली, कोपरा पाहिला.

“जी कुठी गेलं माहं?”

“जी लावत नाई नानाजी. देवापुढे नाई चालत.”

“बावीस साल सेक्रेटरी होतो मी.”

“थे तं चित्रगुप्तालेबी सांगसान तुमी,” ती बोलून गेली आणि तिला वाटलं आता मेली. पण नानाजींचं पोट हललं. ते हसत होते, मग खोकला आला, प्रियंका पाणी घेऊन धावली.

खोकला बसल्यावर त्यांनी उशी मांडीवर ठेवली आणि बोटांनी दाबत राहिले.

“हा कडक लागून राह्यला, कोनाचा होय?”

विमलताईनं लांबूनच मान पुढे केली. “डाव्या कोपऱ्यात ना? थो मानीबाईचा. तांड्यावरची. तिच्या वावरात अळी लय होती.”

“आन हा नरम?”

“उर्वशीच्या घरचा. त्यायच्या हिरीले पानी हाय.”

“रुखमाबाईचा?”

“हाय ना. परसातल्या एका झाडाचा दिला होता तिनं, वावर कुठी हाय तिले. मधात टाकला थो.”

अशी मंडळीची अठ्ठावीसही घरं झाली. ते दाबायचे, ती सांगायची. वर्षभरात नानाजींनी कोणाला पाहिलं नव्हतं. मध्येच ते थांबले, चष्मा काढून धोतरानं पुसला. म्हणाले, “मले तिथी असं वाटे का आपल्याले कोनी ओयखतच नाई आता. सगळेच सूट घालून. कोन डॉक्टर, कोन झाडूवाला, समजे नाई. आन तू इकडे सगळ्यायले बसोलं होतं माह्यासाठी.” उशी त्यांनी डोक्याखाली घेतली नाही, मांडीवरच ठेवली. “रावू दे माह्यापाशी. आन विमल, तुही कोन शिवीन?”

हे ते चेष्टेत दर वर्षी विचारायचे. दर वर्षी ती म्हणायची, मी जातच नाही कुठे. या वेळी ती निघायला वळली. प्रियंकानं तिला चहा दिला, स्टुलावर ठेवून, न बोलता, पण दिला.

एवढ्यावर हे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण दोनच दिवसांनी उर्वशीचा नवरा अमर अंगणात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, मास्क हनुवटीवर.

“ताई, उर्वशीची शिवून ठेवसान का?”

विमलताईला आधी समजलंच नाही. उर्वशी चौतीस वर्षांची, तीन दिवसांपूर्वी सेंटरमध्ये नेलेली. “असं कायले बोलतं अमर? येते ना थे घरी.”

“थ्याच्यासाठीच तं म्हनून राह्यलो. नानाजीची शिवली आन थे आले. तिचीबी शिवा.”

तिनं त्याला समजावलं. उशीनं कोणी परत येत नाही, नानाजी आपल्या नशिबानं आले. अमर ऐकत होता आणि ऐकत नव्हता. शेवटी म्हणाला, “तुमाले काय लागते ताई? शिवा फक्त.” त्याच आठवड्यात आणखी दोन घरची माणसं तेच मागायला आली. ज्यांनी ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकलं होतं त्यांतलीच. ज्या उशीच्या नावानं बोटं मोडली तिच्याचसाठी आता रांग लागली होती. विमलताईला राग यायला हवा होता. तेवढा जीव तिच्यात उरला नव्हता.

तिनं शिवल्या. नाही म्हणून माणसाला दारातून परत धाडणं तिला जमलं नाही. टोपलीतला कापूस दोनच उशांत संपला. उर्वशीच्या उशीसाठी तिनं ट्रंकेतली रुखमाबाईंची उसवली. उर्वशी रुखमाबाईंच्या शाळेतलीच, गणितात हुशार, मास्तरीणबाई तिचं नाव घेत. त्यांचा कापूस तिच्या डोक्याखाली गेला तर त्यांना चालेल असं विमलताईनं ठरवलं. नाव घालून उशी धम्मदीपच्या हवाली केली.

बाकीचे दोघं सेंटरातून घरी आले. उर्वशी आली नाही.

विमलताई कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर उभी होती. बांधावर ठेवलेल्या फोनमधून पाळकसाहेबांचा घोगरा आवाज येत होता, मध्येच तुटत होता. पांढऱ्या सुटातल्या चौघांपैकी एकानं खड्ड्यापाशी हात वर केला. हातात उशी होती. तिला दिसावी म्हणून धम्मदीपनं ती घटकाभर तशीच धरली, मग वाकून खाली ठेवली. या वर्षात पहिल्यांदाच ती वेळेवर पोचली होती. त्याचं तिला समाधान वाटेल असं तिनं धरलं होतं. वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी अमर आला. ती घाबरूनच बाहेर गेली, तो आता काय म्हणेल. तो अंगणातल्या दगडावर बसला आणि म्हणाला, “ताई, नाव तं बराबर टाकलं होतं ना?”

“हाव. बराबर टाकलं होतं.”

“उर्वशी. व-वर रफार.”

“हाव रे बाप्पा. टाकला होता.”

तो बरं म्हणून उठून गेला. विमलताई मग दिवसभर काही करू शकली नाही.

त्याच आठवड्यात तिला ताप चढला. दोन दिवस तिनं काढा पिऊन काढले, तिसऱ्या दिवशी पाण्याची कळशी उचलेना. तेव्हा घर झाडलं, टोपली उलटी करून भिंतीला लावली, दाराला कुलूप घातलं आणि चालत सेंटरला गेली. किल्ली शेजारी दिली. उशीचं कोणाला काही बोलली नाही. कापूस नव्हताच, आणि सुई धरणारंही दुसरं कोणी नव्हतं. वाटेनं चालताना तिच्या मनात एवढंच आलं की चला, आपल्यापायी कोणाला तीन तास खपावं लागणार नाही. हे तिला जरा बरंही वाटलं आणि फार वाईटही वाटलं.

वसतिगृहाची ती खोली तिच्या ओळखीची निघाली नाही, पण खिडक्यांचे गज तसेच होते. इतकी वर्षं अशाच खोल्यांतून तिनं आजारी पोरींच्या कपाळावर घड्या ठेवल्या होत्या. आता तिच्याच तोंडावर मास्क आणि नाकाशी ऑक्सिजनचा वारा. शेजारच्या खाटेवरची बाई तिसऱ्या दिवशी सकाळी नव्हती, दुपारी तिथे दुसरी होती.

चौथ्या दिवशी चारच्या सुमाराला सूट घातलेला एक माणूस तिच्या खाटेशी येऊन उभा राहिला. आवाजावरून तिनं ओळखला.

“मावशी, नानाजीनं पाठोलं.”

वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी होतं. धम्मदीपनंच सोडलं. उशी होती. नानाजींची. कोपऱ्यातला निळा दोरा काढून टाकलेला, सुईची भोकं तेवढी राहिलेली, आणि शेजारी काळ्या दोऱ्यानं वेडंवाकडं ‘विमल’. एक टाका इकडे, एक तिकडे, ‘ल’ तर शिवणीवर चढला होता.

“कोनी शिवलं हे?”

“त्यायनंच. दोन दिवस लागले म्हने. प्रियंकाताई सुई ओवून देत. हात कापते ना त्यायचा.” धम्मदीपनं वर्तमानपत्राची घडी केली. “मले म्हने, आधीच नेऊन दे. येळेवर गेली पायजे. आन म्हने तिले सांग, माह्यी मी पुढच्या सालच्या कापसाची घेतो, तव्हापर्यंत तिनं यावं, तिच्याशिवाय कोन शिवते.”

विमलताईनं अक्षरांवरून बोट फिरवलं. मग बाजूच्या भोकांवरून.

“टाका लंबा घेतला,” ती मास्कमधून म्हणाली. “उसवा लागीन.”

“घरी गेल्यावर उसव.”

“हाव.”

तो पुढच्या खाटेकडे गेला. तिनं उशी डोक्याखाली घेतली. घरातली मोठी उशी असते तशी ती नव्हती, फारच बुटकी होती, मान तिरपी होत होती. आणि डाव्या बाजूला, मानीबाईच्या कापसात असावी, एक सरकी राहून गेली होती. ती कानामागे टोचत होती. विमलताईनं डोकं थोडं सरकवलं. एकतीस वर्षांत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.